दुसऱ्यांदा पहिलटकरीण

माझे सासरे सुसरीच्या पाठीवर बसून गडनदी ओलांडायचे आणि पलीकडे उतरल्यावर तिला भाडं म्हणून सुपारी द्यायचे. आमच्या परसातल्या भोपळ्यात एकदा म्हैस व्याली होती. आणि मी लहान असताना गावात एवढा मोठा फणस लागला, की तो उतरवायला रत्नागिरीहून सुतार बोलवावे लागले. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत हे मी इतक्यांदा सांगितलंय, की पोरं मला थापाडी आजी म्हणतात. म्हणू देत. थाप मारायला डोकं लागतं, खरं काय, कुणीही बोलतं.

पण सुलक्षणाच्या दुसऱ्या खेपेला आमच्या घरात खरं बोलायलाच बंदी होती. थापेवर बंदी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सुलक्षणा माझी नातसून. नातू जयवंत अंधेरीला एमआयडीसीत पंख्यांच्या कारखान्यात. जयवंतची आई रत्नप्रभा, ही माझी सून. माझा मुलगा दत्ताराम घरात होता, पण गिरणी बंद पडल्यापासून तो बोलायचाच नाही. बसायचा, विडी ओढायचा, बायको म्हणेल त्याला मान हलवायचा. म्हणजे घर रत्नप्रभेचं होतं. मी होते कोपऱ्यातली, पण माझा कोपरा दारापाशी होता. दारापाशी बसणाऱ्याला सगळं दिसतं.

सुलक्षणाचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, कुडाळच्या अंगाला. तिला आई नव्हती, चुलतीने केलं. मुलगा झाला. आता यात मी तिळाएवढंही वाढवून सांगत नाही हं. मुलगा साडेचार किलोच्याही वर भरला. काळंभोर जावळ, मनगटाला वळ्या, गाल तर असे की देवळातला गणपती लाजावा. आणि तो रडला नाही. तो रडणारच नव्हता. शेवटच्या आठवड्यात पोटातच गेलेला.

रत्नप्रभा म्हणाली, "नजर लागली. बायका पोटाकडे बघून म्हणायच्या ना, जुळं हाय की काय गो? ती नजर."

सगळ्यांनी मान हलवली. मीसुद्धा.

त्यानंतर दोन-तीन वर्षं काही नाही. मग पुन्हा दिवस राहिले तशी रत्नप्रभा तडक गावाला गेली आणि देवाला गाऱ्हाणं घालून आली. तिथे गुरवाने तिला सांगितलं, "गेल्ल्याचा नाव काढूचा नाय. ह्याच पयला म्हणान धरायचा. पाळणो टांगीपर्यंत." येताना तिने एक असोला नारळ आणला, म्हणजे न सोललेला, चोडासकट. आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि त्यावर हात ठेवायला लावला. दत्तारामने ठेवला, जयवंतने ठेवला, सुलक्षणाने दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. मीही ठेवला. मग नारळ लाल फडक्यात बांधून दाराच्या वर खुंटीला टांगला. पाळण्याच्या दिवशी तो फोडायचा, तोवर गेलेल्या पोराचं नाव जो काढील त्याच्या तोंडून या पोराचं वाईट होणार, असा हिशेब.

नारळ माझ्या डोक्यावरच आला. मी तिथेच बसायची ना.

मग सुरू झालं नाटक. सुलक्षणा दुसऱ्यांदा पहिलटकरीण झाली. चोरओटी झाली, हिरवा चुडा भरला, सगळं पहिल्यासारखं. चाळीतल्या बायकांना पहिलं ठाऊक होतं, पण रत्नप्रभेने त्यांनाही दम भरलेला. शेजारची प्रेमा तर पाठ केल्यासारखी म्हणायची, "पहिल्या वेळी असंच होतं गं." सुलक्षणा नुसती हसायची. ते हसणं बघवायचं नाही. एक पोर कडेवर नसताना त्याला आपण जन्मच दिला नाही असं म्हणून हसायचं, करून बघा कधी.

गुंफेच्या वाटेवर पिठाच्या गिरणीच्या माडीवर डॉक्टर सुगंधाबाईंचं प्रसूतिगृह होतं. खाली गिरणी घरघरायची आणि वर खाट थरथरायची. पहिल्या वेळेला आम्ही तिघी गेलो. बाईंनी सुलक्षणाला विचारलं, "कितवी खेप?"

उत्तर रत्नप्रभेने दिलं. "पयलीच."

"पोटावर या जुन्या पांढऱ्या रेषा कसल्या मग?"

"लहानपणी जाडी होती हो. मग उतरली."

बाईंनी पुन्हा एकदा त्या रेषांकडे बघितलं. सुलक्षणा छताकडे बघत होती. "वय?" तिशी उलटलेली, तेवढं खरं सांगितलं. "घरात कुणाला साखरेचा आजार?"

"आमच्याकडे? छे!" रत्नप्रभा म्हणाली. "आमच्या घराण्यात कुणाला कसलाच आजार नाय."

आणि हे ती खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत. लग्न झाल्यावर मुलीचं घर कुठलं? सासरचं. आमच्या घरात नव्हती साखर. सुलक्षणाची आई साखरेनेच गेली होती, आधी पायाची बोटं, मग पाऊल, मग ती. पण ते तिकडचं घर. डॉक्टरीण विचारतेय ते आईबापाच्या रक्ताबद्दल, हे रत्नप्रभेच्या डोक्यातच आलं नाही.

बाईंनी एक बाटली दिली. पुढच्या वेळी सकाळची लघवी घेऊन या म्हणाल्या.

आता आमच्याकडे गरोदर बाईची नखं, केस, अंगावरचं काही म्हणून परक्याच्या हाती पडू देत नाहीत. कोण काय करील सांगता येत नाही. त्या सकाळी रत्नप्रभा बाटली घेऊन मोरीत गेली. सुलक्षणा अजून अंथरुणात होती. मी दारापाशी. रत्नप्रभा भरलेली बाटली पदराखाली धरून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय बघताय?"

"काय नाय," मी म्हटलं. "तुझी तब्येत चांगली असली म्हणजे झालं."

तपासणी झाली, सगळं व्यवस्थित म्हणून सांगितलं. आणि मग दर खेपेला बाटली तीच भरायची. माझी सून एकदम ठणठणीत निघाली, दर महिन्याला.

सहावा लागला, सातवा लागला. डोहाळजेवण झालं. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. सुलक्षणाने उघडली, पेढा निघाला, म्हणजे मुलगा. बायकांनी टाळ्या पिटल्या आणि तो पेढा तिच्या तोंडात कोंबला. मग दुसरी वाटीही रिकामी करायला लावली. पहिलटकरणीने नाही म्हणायचं नसतं. पुरणपोळी, नारळीभात, खरवस, ज्याच्या त्याच्या घरून डबा. सुलक्षणा खायची. दोन खायच्या की तीन, हा प्रश्न नव्हता. मी बघत होते ते दुसरंच.

तिची तहान. माठ सकाळी भरलेला दुपारी खणखणायचा. तांब्या तोंडाला लावला की तळ दिसेपर्यंत खाली यायचा नाही. आणि तेवढ्याच फेऱ्या चाळीच्या संडासाकडे, हातात डबा, एका हाताने कठडा धरून. मानेवर मागे एक काळी वळी उमटलेली. रत्नप्रभा ती मळ समजून काथ्याने घासायची. "अगो, जरा नीट आंघोळ कर!" मान लाल झाली, वळी तशीच राहिली. आणि पोट तर महिन्यापेक्षा पुढे धावत होतं. सातव्यातच नववा वाटायचा. रत्नप्रभा खूश. "पोर अंगाने चांगला हाय."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्दाला शब्द.

आणि त्याच सुमारास नारळाला कोंब आला.

लाल फडकं फाडून हिरवं टोक बाहेर आलं. रत्नप्रभेने ते बघितलं आणि हात जोडले. सगळ्या चाळीला बोलावून दाखवलं. "बघा, देवाने कौल दिला! जीव धरला!" बायका हळद-कुंकू घेऊन आल्या. माझ्या डोक्यावर पिंजर सांडली.

मी मात्र हात जोडले नाहीत. मी नारळात वाढलेली बाई. बाहेर कोंब दिसायला लागला, की आत काय चालू असतं ते मला ठाऊक आहे. आतल्या पाण्यात एक पांढरा गोळा धरतो. गोड, मऊ, गुबगुबीत. तो नारळाचं पाणी पितो, मग खोबरं खायला लागतो, आणि फुगत फुगत सगळी कवटी भरून टाकतो. बाहेरून नारळ तसाच दिसतो. मी काठीच्या टोकाने हळूच तो हलवून बघितला. आधी डुबुक डुबुक वाजायचा. आता नुसता जड होता. आवाज नव्हता.

त्या दुपारी घरात मी आणि सुलक्षणा दोघीच. रत्नप्रभा रॉकेलच्या रांगेला गेलेली. सुलक्षणा माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून बसली. पाय सुजलेले. वर नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी, एक विचारू?"

"विचार गो."

"तुमच्या गोष्टीत कधी मेलेलं मूल येतं का?"

मी म्हटलं, "माझ्या गोष्टीत सुसरी सुपारी खातात. मेलेली माणसं चालत बाजाराला जातात. काहीही येतं. का गो?"

ती पोटावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "काल सकाळपासून हा पाय मारायचा कमी झालाय." आणि तोंडावर पदर दाबला, कारण पुढचं वाक्य नारळाखाली बसून बोलता येत नव्हतं. ते वाक्य मला कळलं. तोही असाच शांत झाला होता.

"जयवंतला सांगितलंस?"

"ते म्हणाले, उद्या दाखवायला जायचंच आहे. आजी, मी बोलले आणि ह्याला काही झालं तर? आणि नाही बोलले तर..."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारीचा हात, त्याला वजन कुठलं. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं, हात मी नारळावर ठेवला होता खरं बोलणार नाही म्हणून. थापा मारणार नाही असं मी कुठल्याच देवाला कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पिठाच्या गिरणीवर गेलो. सुलक्षणाला पडद्याआड खाटेवर झोपवली. सुगंधाबाईंनी फीत लावून पोट मोजलं, पुन्हा मोजलं. "महिन्याच्या मानाने फारच मोठं आहे. पाणीही जास्त वाटतंय."

"खात्यापित्या घरचं हाय ते," रत्नप्रभा म्हणाली.

बाई टेबलाशी येऊन लिहायला बसल्या. मी बाकावर. त्यांना माझ्या थापा आवडायच्या, दर खेपेला एक तरी ऐकायच्या. लिहितालिहिताच म्हणाल्या, "काय आजी, आज गोष्ट नाही?"

"हाय ना," मी म्हटलं. "राणीची."

रत्नप्रभा जांभई देत खिडकीबाहेर बघत होती. तिला माझ्या गोष्टींचा वीट आलेला.

"एक होती राणी. तिला एवढी तहान लागायची, की सकाळी विहिरीला तोंड लावलं तर दुपारी तळातली कासवं उन्हात तडफडायची. दिवसभर पाणी पी आणि दिवसभर परसाकडे धाव. राणीच्या मानेवर एक काळा साप झोपलेला. दासी घासघास घासायच्या, साप काही हलत नव्हता."

बाई हसल्या. पेन चालूच होतं.

"राणीची आई त्याच तहानेने मेलेली. आधी पायाची बोटं झडली, मग पाऊल, मग ती. पण तिकडचं राज्य वेगळं ना! म्हणून इकडच्या राज्यात कुणी विचारलं, की सांगायचे, आमच्याकडे कुणाला काही नाय."

पेन थांबलं. रत्नप्रभेने मान वळवली.

"राणीला पहिला मुलगा झाला. एवढा मोठा, की पाळण्यात मावेना. राजाने होडी मागवली, होडीत ठेवला. तेव्हा कळलं, पोर रडतच नाय. शेवटच्या आठवड्यात आतल्या आत गेलेला. कुणाला पत्ता नाय. बाहेर सगळे म्हणत होते, पोर अंगाने चांगला हाय."

"आई," रत्नप्रभा म्हणाली. आवाज बारीक.

"अगो, गोष्ट सांगतंय मी. मध्ये बोलू नको, धागा तुटतो." आणि ती गप्प बसली. बसणारच. थांबवायचं म्हणजे ही गोष्ट आमची आहे हे कबूल करायचं, आणि कबूल केलं तर शपथ तिच्याच तोंडून मोडायची.

"मग राणीच्या सासूने देवाला फसवायचं ठरवलं. म्हणाली, तो झालाच नाय. आता येईल तोच पहिला. सगळ्या राज्याने शपथ घेतली. राणीच्या पोटावर जुन्या रेषा होत्या, त्यांनाही ताकीद दिली, तुम्ही नाहीच. मग वैद्य आला. म्हणाला, राणीचं पाणी तपासायला द्या. सासूच्या मनात आलं, राणीचं पाणी परक्याच्या हाती? कुणी करणी केली म्हणजे? तिने आपलंच भरून दिलं. वैद्य म्हणाला, वा, राणी ठणठणीत!"

खालची गिरणी घरघरत होती. बाईंच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. पडद्याआडून हुंदका आला.

"पुढे काय झालं, आजी?" बाईंनी हळू विचारलं.

"पुढचं मला ठाऊक नाय. गोष्ट अजून चालू हाय. राणीचं पोट मोठं होतंय, आणि परवापासून आतला पाय मारायचा कमी झालाय."

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली ती तशीच. पडदा सारला, लाकडी नळी सुलक्षणाच्या पोटावर ठेवली आणि कान लावला. इथे नाही. थोडी सरकवली. तिथेही नाही. मी उभी राहिले. रत्नप्रभा भिंतीला चिकटली होती. बाईंनी कंपाउंडरला ओरडून सांगितलं, "खाली जाऊन गिरणी बंद करायला सांग, आत्ता!" घरघर थांबली. एवढी शांतता त्या माडीवर मी कधी ऐकली नव्हती. बाईंनी नळी पुन्हा सरकवली. डोळे मिटले.

"आहे," त्या म्हणाल्या. "मंद आहे, पण आहे."

मग नर्सला हाक मारली. सुलक्षणाला तिथल्याच मोरीत पाठवलं, दारात नर्स उभी. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. मी आणि रत्नप्रभा दोघी बघत होतो. एवढे महिने ते निळंच राहिलं होतं. आता हिरवं झालं. मग पिवळं. मग नारिंगी. मग तळाला जाड लाल काहीतरी बसलं, भाजलेल्या विटेसारखं.

रत्नप्रभेने ते बघितलं आणि म्हणाली, "रगत हाय काय ता?"

"रक्त नाही," बाई म्हणाल्या. "साखर."

त्यांनी आम्हा दोघींना बसवलं. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "गरोदरपणात पोटातली वार एक रस सोडते. त्याने आईच्या अंगातली साखर जिरवणारं इन्सुलिन अडतं. जसजसे महिने भरतात तसं जास्त अडतं. बऱ्याच बायकांचं शरीर आणखी इन्सुलिन करून निभावून नेतं. काहींना नाही जमत. मग आईची साखर बाळाकडे जाते आणि बाळ फुगत जातं. वरून गुटगुटीत, आत गुदमरलेलं."

"नजर नाय?" रत्नप्रभेने विचारलं.

"नजर नाही. आणि हिने गोड खाल्लं म्हणून हा आजार झाला असंही नाही. पेढ्यांनी भर पडली, ती वेगळी. पण मूळ आधीपासून होतं. हिच्या आईला साखर. हिचं वय. वजन. मानेवरचं ते काळं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिलं मूल एवढं मोठं, तेही पोटात गेलेलं. यातलं एक जरी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तेव्हाच रक्त तपासलं असतं. ह्या रेषांबद्दल मला शंका होती. मी नेट लावायला हवा होता." त्या थांबल्या. "आता उशीर झालाय. किती, ते मला माहीत नाही."

खाली गिरणी पुन्हा सुरू झाली. खाट थरथरायला लागली.

घरी येताना गुंफेच्या वळणावर रत्नप्रभेने मला गाठलं. सुलक्षणा न्यायला आलेल्या जयवंतच्या हाताला धरून पुढे चालली होती. रत्नप्रभेचे डोळे कोरडे. "तुमी नारळार हात ठेवलेलो, आई."

"मी गोष्ट सांगितली."

"देवाक गोष्ट आणि खरं कळत नाय असा वाटता तुमका?" ती म्हणाली. "ह्या पोराचा काय झाला, तर ता तुमच्या तोंडून झाला. ध्यानात ठेवा." आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. माझं ताट माझ्यासमोर ठेवायची, पण बघायची भिंतीकडे.

खरं सांगते, मीही घाबरले होते. म्हातारपणी देवाशी पंगा घेणं सोपं नसतं. रोज दारापाशी बसायची आणि डोक्यावरचा तो कोंब वीतभर लांब होत चाललेला.

सुलक्षणाला इंजेक्शनं सुरू झाली. औषधाची बाटली थंड ठेवायची, आणि चाळीत फ्रीज एकट्या प्रेमाकडे. तिने कोथिंबिरीशेजारी जागा करून दिली. जयवंत काचेची सिरिंज पातेल्यात उकळायचा. गोड बंद, भात मोजून, भाकरी आणि कालवणातला मासा चालेल म्हणाल्या बाई. तहान उतरली. रात्री ती झोपायला लागली. पण बाळाचं हलणं कधी बरं, कधी नाही. ती दुपारची आडवी पडायची, पोटावर तळहात ठेवून, दारावर कुणी थाप मारतंय का ऐकावं तशी. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायचो. तिने मान हलवली की मग घरात भांडी वाजायची.

बाईंनी सांगितलं होतं, शेवटचे आठवडे वाईट. तिथवर थांबायचंच नाही. त्यांनी मोठ्या इस्पितळात सोय केली, पंधरवडाभर आधीच मूल काढायचं ठरलं. पण ठरल्या दिवसाच्या आधीच एका सकाळी सुलक्षणाने अंथरुणातून हाक मारली. मला नाही, जयवंतला नाही.

"आई!"

रत्नप्रभा मोरीतून ओल्या हातांनी धावली.

"आई, तोसुद्धा असाच थांबला होता," सुलक्षणा म्हणाली. "माझा पहिला. असाच सकाळी थांबला, आणि मी कुणाला बोलले नाही. आता थांबलाय. चला, आत्ता चला."

नाव निघालं. नारळाखाली, उघड. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता रत्नप्रभा कोसळणार. ती एक क्षण वर नारळाकडे बघत राहिली. मग दत्तारामला म्हणाली, "बसलात काय? टॅक्सी बघा!" अख्ख्या वर्षात तो माणूस पहिल्यांदा पळाला.

पोट चिरून काढलं. मुलगी. पेढ्याने थाप मारली होती. मोठी होती, पण पहिल्याएवढी नाही. ती रडली. बारीक, मांजरीसारखी, पण रडली. मग लगेच निळी पडली आणि तिला काचेच्या पेटीत नेली. डॉक्टर म्हणाले, आईची साखर एकदम तुटली की अशा पोरांची साखर धाडकन खाली येते. पायाच्या टाचेतून रक्त काढत, नाकातून नळी. आम्ही काचेबाहेर उभे. रत्नप्रभा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, बोलली नाही, पण तिचं कोपर माझ्या कोपराला टेकलं आणि तिने ते काढलं नाही.

पोरगी तगली.

पाळण्याच्या दिवशी चाळ भरली. सुगंधाबाईही आल्या. सुलक्षणाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इन्सुलिन थांबलं म्हणून सुटलीस असं समजू नकोस. हा आजार दाराबाहेर जाऊन बसलाय. दर वर्षी रक्त तपासायचं, वजन बघायचं. पुढच्या खेपेला दिवस राहिल्या राहिल्या माझ्याकडे यायचं. आणि ही मोठी होईल तेव्हा हिलाही सांगायचं."

"हिला काय सांगू?"

"सगळं. घरात काय आहे ते."

कुणीतरी नवी बाई पाळण्यात वाकून म्हणाली, "काय गुटगुटीत गं! पहिलीच ना?"

चाळीतल्या सगळ्या बायका वर नारळाकडे बघायला लागल्या.

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "दुसरी. पहिला मुलगा होता."

रत्नप्रभेने ते ऐकलं आणि स्टुलावर चढून नारळ उतरवला. चोड सोललं, दगडावर आपटला. पाण्याचा थेंब नाही निघाला. खोबऱ्याची पातळ साल तेवढी उरलेली, आणि कवटी भरून तो पांढरा गोळा, मऊ, गच्च, दोन्ही हातांत मावेना. पोरं ओरडायला लागली, मला, मला. गावाकडे त्यासाठी मारामारी होते, एवढा गोड लागतो.

रत्नप्रभेने त्याचा मोठा तुकडा काढला आणि सवयीने सुलक्षणापुढे धरला. "प्रसाद हाय."

सुलक्षणाने त्याच्याकडे बघितलं. मग पाळण्याकडे. आणि हात मागे घेतला.

रत्नप्रभेचा हात तसाच पुढे. शेवटी मी उठले, तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि तोंडात टाकला.

"अगोड हाय," मी म्हटलं.

ही माझी आयुष्यातली सगळ्यात लहान थाप. तेवढ्यात पाळण्यातली पोरगी रडायला लागली, आणि सुलक्षणाने तिला उचलायच्या आधी तिचं छोटंसं डोकं वळवून मानेवर मागे बघितलं. मीही बघितलं. सगळ्या बायकांच्या देखत. तिथे अजून काही नव्हतं.